रम्याचं कोपर

तंजावर
२० डिसेंबर २०२४

चिरंजीव साईराम,

राजमअक्काचा आशीर्वाद तुला आणि श्रीलक्ष्मीला. इकडं आम्ही दोघी बऱ्या आहोत. मस्कतला थंडी पडली असेल तर अंगात काहीतरी घालत जा, तुझी छाती लहानपणापासून धरते.

फोन असताना कागद कशाला म्हणशील. फोन रम्याच्या हातात असतो. मी बोलायला लागले की ती स्पीकर लावते, तिकडं श्रीलक्ष्मी पण स्पीकर लावते, मग बोलायचं काय, जेवलीस का आणि पाऊस आहे का. अप्पांनी आपल्या दोघांना दारापुढच्या तिण्णैवर, ओट्यावर बसवून हे अक्षर शिकवलं. आता या घरात ते कोणाला येत नाही. रम्याला मराठी बोलायला येतं, वाचायला तमिळ नाहीतर इंग्लिश लागतं. म्हणून लिहून फोटो काढते आणि तुला पाठवते. चुका असतील. मी पाचवीला शाळा सोडली, तू बी.कॉम. झालास, समजून वाच.

पाऊस या वर्षी पुरे म्हणण्याइतका झाला. मार्गळी महिना लागल्यापासून कोपऱ्यावरच्या देवळात साडेचारला भोंगा सुरू होतो, झोप नाही. ओरत्तनाडूच्या शेतात पीक चांगलं आहे. खंडानं करणारा सेतुराम कुरकुर करतो, पोरं बांध तुडवतात म्हणून. त्याला म्हटलं, बांध तुडवल्यानं घट्ट होतो, तुझा फायदाच आहे.

पोरं म्हणजे रम्या आणि तिच्या शाळेतल्या चौघी. रविवारी मी त्यांना शेतावर नेते. तू जूनमध्ये लेकीला माझ्याकडं सोडून गेलास तेव्हा रम्या बॉल टाकायची म्हणजे नुसता हात फिरवायची, बाकीचं अंग मागं उभं राहून बघत असायचं. तुझे भावजी शाळेत बेसबॉल शिकवताना म्हणायचे, बॉल टाकणारा पिचर तो पायानं टाकतो, हात सगळ्यात शेवटी येतो. चौदा वर्षं परसात कॅचरचा ग्लव्ह घालून मी त्यांच्या पोरांचे बॉल धरले. पुस्तक वाचलं नाही, पण पोरानं गुडघा उचलला की बॉल कुठं जाणार ते मी सांगते.

बांध वीतभर रुंद. त्याच्यावर उभं राहायचं, पुढचा गुडघा कंबरेइतका उचलायचा आणि मी पुरे म्हणेपर्यंत मागच्या पायावर थांबायचं. हलायचं नाही. मग पाऊल पुढं. अंगावरून आडवं पडलं तर उजवीकडच्या शेतात, फाकलं तर डावीकडच्या, दोन्हीकडं पोटरीभर चिखल. चार वेळा चिखलात गेलं की पाऊल आपोआप सरळ पडतं. पाऊल पडल्यावर कंबर फिरते, कंबरेमागून खांदा येतो, खांद्यामागून हात. कोपर खांद्याच्या खाली उतरायचं नाही. बॉल सुटल्यावर छाती पुढच्या गुडघ्यावर आणि दोन्ही पाय जमिनीवर. टाकून झाल्यावर जी कलंडते तिनं टाकलंच नाही असं मी धरते.

रम्या आता कलंडत नाही. चौघींपेक्षा अंगानं लहान आहे, पण एका पायावर कोकरीसारखी थांबते. तुमच्याकडं तो पक्षी नसेल, इकडं पाण्यात उभा असतो तो पांढरा.

शाळेचा नवीन पी.टी. मास्टर नटराज. पोरगेलाच आहे, पदवी घेऊन आलाय, खिशात वही ठेवतो. पोरीनं टाकलेल्या प्रत्येक बॉलला एक रेघ. पन्नास रेघा झाल्या की शिट्टी, मग तीन दिवस बॉलला हात लावायचा नाही. पहिल्यांदा शेतावर आला तेव्हा हसला. अम्मा, हिला खेळायला आणलंय की रोपं लावायला, म्हणाला. पुढच्या महिन्यात त्यानंच बाकीच्या पोरी माझ्याकडं पाठवल्या. त्याला मी जेवायला वाढलं. पण हसला ते विसरले नाही.

आणि तीन दिवस कसली सुट्टी. अंग विसरतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी बस धरून शेतावर जाऊन येतो, नुसते पाय बघायला.

मध्ये तिचं कोपर जरा आखडलं होतं. नल्लेण्णै, तिळाचं तेल, कोमट करून चोळलं, सकाळी मोकळं झालं होतं. वाढत्या अंगाला असं होतंच. श्रीलक्ष्मीला हे सांगत बसू नकोस, ती आई आहे, उगाच फोनवर रडेल.

तब्येतीला जप.

तुझी
राजमअक्का


तंजावर
२३ जानेवारी २०२५

चिरंजीव साईराम,

आशीर्वाद. पोंगल झाला. कापणी झाली, शेतात उडीद टाकला.

तू परवा फोनवर ज्या आवाजात बोललास तो मला आवडला नाही. पोरीनं डाव्या हातानं कॉफीचा पेला धरला म्हणून एवढं काय. उजव्या हातात दुसरं काहीतरी असेल. नव्हतं म्हणतोस. मग नसेल. हजार कोसांवरून पेल्याकडं बघत बसण्यापेक्षा तिनं काय मिळवलं ते बघ.

एकोणीस तारखेला पापनाशमला सामना होता. समोर कुंभकोणमच्या बाजूची शाळा, पोरी उंच, खांदे रुंद. आपली रम्या त्यांच्यापुढं कोणाची तरी धाकटी बहीण सोबत आल्यासारखी दिसत होती. पहिल्या इनिंगमध्ये तिघींना ओळीनं बाद केलं. एकीला बॅट फिरवायची सुद्धा सवड मिळाली नाही. तिची आई माझ्या बाजूला बसली होती, म्हणाली, ही कोणाची पोर. मी म्हटलं, आमची.

दुसऱ्या इनिंगपासून तिचं कोपर खाली यायला लागलं. बोटभर. दुसऱ्या कोणाला दिसलं नसतं. पाऊल सरळ, कंबर वेळेवर, आणि कोपर खाली. सगळं बरोबर असताना कोपर उतरतं त्याची दोन कारणं तुझे भावजी सांगायचे. एक आळस. रम्या आळशी नाही हे तुलाही माहीत आहे. तरी मी कडेनं ओरडले, आळस करू नकोस, कोपर वर घे. तिनं घेतलं. दोन बॉल घेतलं, मग परत खाली.

इनिंग संपल्यावर नटराज मास्टर वही घेऊन आला. तो दर वेळी विचारतो, त्याची पद्धतच आहे. दुखतंय का म्हणून विचारलं. दुखत नाही असं उत्तर मिळालं. त्यानं तसं वहीत लिहिलं आणि खेळ पुढं चालू झाला. आपण जिंकलो. नऊ फेब्रुवारीला तिरुच्चीला राज्याच्या संघाची निवड आहे, तिथं आपल्या शाळेतून एकटी रम्या जाणार.

शाळेत तिला टाळ्या वाजवल्या म्हणे. तिनं घरी येऊन सांगितलं नाही, शेजारच्या सुप्रभाकडून कळलं. बोलणं कमी झालंय तिचं. वय आहे. वेण्या मीच घालते हल्ली, तिला मागं हात न्यायला कंटाळा येतो. सकाळी दारात कोलम डाव्या हातानं काढते, रेघा वाकड्या येतात, मी पुसून परत काढते.

सेतुराम विचारत होता, नारळाच्या झाडाला टांगलेलं पोतं फाटलंय, त्याला कोण बडवतं. त्याला म्हटलं, तू उडीद बघ.

सुट्टी काढून येतो म्हणालास. येऊ नकोस. तू आलास की ती तुझ्या मागं मागं फिरेल, लक्ष उडेल. नऊ तारीख होऊ दे. मग ये, पाहिजे तेवढं राहा, श्रीलक्ष्मीला पण आण. तोपर्यंत पोरीकडं बघायला मी आहे. तेल चोळते रोज. कोपराला वरून सूज नाही. असती तर मला दिसली नसती का.

श्रीलक्ष्मीनं काल रम्याला एकटीला फोन केला होता. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही दोघींनीही. मी विचारलं नाही.

राजमअक्का


तिरुच्ची
११ फेब्रुवारी २०२५

साईराम,

फोनवर मी तुला रम्या पडली म्हणून सांगितलं. ती पडली नाही.

तिसरी इनिंग होती. गुडघा उचलला, थांबली. पाऊल सरळ पडलं, कंबर फिरली. मी कडेला उभी होते, मनात म्हटलं, बरोबर. तेवढ्यात कटकन आवाज झाला. कॅचर पोरगी नंतर म्हणाली, मला तिथपर्यंत ऐकू आला. बॉल रम्याच्या पुढं दोन हातांवर पडला. ती मात्र उभी. छाती गुडघ्यावर, दोन्ही पाय जमिनीवर, मी शिकवलं तशी. फक्त उजवा हात डाव्या हातात धरलेला. रडली नाही. मैदानावर एवढी माणसं होती, मास्टर पळत येत होता, आणि ती माझ्याकडं बघत होती.

डॉक्टरनं कोपराचा फोटो उजेडात धरून दाखवला. आतल्या बाजूला हाडाची एक गाठ असते. पोरांची ती गाठ मोठ्या हाडाला अजून जुळलेली नसते, मध्ये कोवळं असतं. हाताच्या शिरा तिथंच धरलेल्या. ओढून ओढून ती गाठ सुटली आणि बाजूला सरकली. पांढऱ्या हाडाच्या बाजूला एवढासा पांढरा तुकडा, मला पण दिसला.

त्यानं विचारलं, किती दिवस दुखत होतं. मी म्हटलं, परवापासून. रम्या खाली बघत होती. तो म्हणाला, अम्मा, हे परवाचं नाही, महिने झालेत. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मी भांडले असते.

नवरात्रीपासून, साईराम. कोलूत मांडलेल्या बाहुल्या उतरवून ठेवताना तिच्या हातातून एक सुटली, तुकडे झाले. मी ओरडले. तेव्हा ती म्हणाली, आत्या, हातातून चमक येते. मी तेल चोळलं. माझ्या हाताला गुण आहे म्हणतात गल्लीतले, कोणाची मान धरली, कोणाचा पाय मुरगळला की माझ्याकडं येतात. दुसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं. थांबलं म्हणून शेतावर नेलं. शेतावरून आल्यावर परत दुखलं, परत चोळलं. दुखणं तिला थांब म्हणून सांगत होतं आणि मी ते रोज संध्याकाळी पुसून टाकत होते.

पाय बघायला नेत होते म्हणून लिहिलं ते खोटं. नारळाला पोतं टांगून त्याच्यावर टाकायला लावत होते. मास्टरच्या सुट्टीच्या तिन्ही दिवशी. साठ, कधी सत्तर, कधी जास्त. मी रेघा मारत नव्हते. मास्टर पन्नासला थांबवायचा, त्याच्या पन्नासच्या मागं माझे दोनशे असायचे आणि ते त्याच्या वहीत कुठं नव्हते. रम्याला सांगून ठेवलं होतं, मास्टरला बोलायचं नाही. ती बोलली नाही. शब्द पाळते ती.

कोपर उतरायचं दुसरं कारण मी तुला लिहिलं नव्हतं. दुसरं कारण दुखणं. पापनाशमला मला ते कळलं होतं.

आणि तिथं मास्टरनं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं म्हणून लिहिलं. कोणी दिलं ते लिहिलं नाही. तो तिच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "वलिक्कुदा, रम्या? दुखत असेल तर सांग, मी दुसरीला उभी करतो." रम्यानं तोंड उघडलं. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. एवढीशी, बाजूच्या बाईला सुद्धा दिसली नसेल. नाही म्हणून. मग ती नाही म्हणाली.

का केलंस म्हणून विचारशील. तुझ्या भावजींनी तीस वर्षं पोरं घडवली, एकही राज्याच्या संघापर्यंत पोचलं नाही. ते गेले तेव्हा शाळेनं हार पाठवला आणि महिन्याभरात त्यांचं कपाट रिकामं करून नेऊन टाकलं. ते सगळं मला येतं हे कोणाला माहीत नाही. पाचवी शिकलेली बाई, नवऱ्याचे बॉल धरायची. मला दाखवायचं होतं. रम्याचा हात माझ्या हाताशी होता, तो लावला. यापेक्षा चांगलं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

नटराज मास्टर रविवारपासून दवाखान्याच्या व्हरांड्यात आहे. घरी जा म्हटलं तरी जात नाही. वही उघडून रेघा मोजतो, बंद करतो, परत उघडतो. हेडमास्तरांनी त्याला फोनवर काय काय बोलून घेतलं ते मला ऐकू येत होतं. तो ऐकून घेत होता, माझं चुकलं असेल सर म्हणत होता. सोमवारी दिवसभर मी त्याला तसं म्हणू दिलं. हे पण लिहून ठेवते.

आज सकाळी त्याच्या बाजूला बसून सगळं सांगितलं. पोतं, दोनशे, तेल, पापनाशम. मला वाटलं ओरडेल. त्यानं वही मिटली. मग एवढंच म्हणाला, "अम्मा, मी तिला विचारत होतो. प्रत्येक वेळी विचारत होतो." आणि उठून नळावर तोंड धुवायला गेला. हेडमास्तरांना मी त्याच्याच फोनवरून सांगितलं. ते म्हणाले लिहून द्या. तमिळमध्ये मला धड लिहिता येत नाही, मास्टरनंच लिहून घेतलं, मी खाली अंगठा दिला नाही, सही केली.

आता कामाचं. गुरुवारी सकाळी ऑपरेशन. गाठ जागेवर बसवून एक स्क्रू घालणार. सहा आठवडे हात गळ्यात. हात पूर्ण सरळ होईल का म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाला, बघू. बॉल टाकेल का म्हणून विचारलं तर त्यानं पुढचा कागद काढला. बापाची परवानगी पाहिजे. उद्या दहा वाजता, आपल्या इकडच्या दहाला, तो तुला फोन करेल. हो म्हण. मला काय बोलायचं ते त्याच्याशी बोलून झाल्यावर बोल, त्याचा वेळ घेऊ नकोस.

अजून एक आहे, ते मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण लिहायला नको वाटत होतं.

दुपारी नर्स आली. गोळी द्यायची होती, त्यासाठी विचारलं, दुखतंय का. साधं विचारलं. रम्यानं आधी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, सांग, खरं काय ते सांग. तरी ती बघतच राहिली. मी तोंडानं म्हणते ते आणि मला पाहिजे ते एकच आहे का, ते माझ्या तोंडावर शोधत होती. मग नर्सला म्हणाली, नाही.

मी उठून बाहेर गेले. दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, हळू, तमिळमध्ये. खूप दुखतंय म्हणाली. खूप दिवसांपासून. मग रडली. आठ महिन्यांत मी तिला रडताना ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून आत गेले नाही. ताट दारातून देते. हे पण बाहेरच बसून लिहितेय. डॉक्टर दिवसातून तीनदा येतात, दर वेळी विचारतात, आणि मी समोर असले तर ती खरं सांगणार नाही. ऑपरेशननंतर तर खरं सांगायलाच पाहिजे, बोटं हलतात का, कुठं बधिर आहे का, सगळं तिच्याच तोंडून कळणार. आत दुसरं माणूस पाहिजे. नटराज मास्टर किती दिवस बसेल, परका माणूस आहे.

मागच्या वेळी येऊ नकोस म्हटलं. आता ये म्हणते. श्रीलक्ष्मीला आधी पाठव, तिला लवकर निघता येत असेल तर. तिला हे पत्र वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. रम्याला तिकडं कायमची न्यायची ठरवलीत तर तिचे कपडे, पुस्तकं मी बांधून देईन. ग्लव्ह न्यायचा की नाही ते तिला विचार. तू विचार, मी विचारणार नाही.

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

दाराबाहेरच्या बाकावरून,
राजम